मुन्नारला एकच पूर्ण दिवस आणि खाजगी गाडी : चहाचे मळे, धबधबे, अभयारण्य सगळं बसेल का?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत केरळला जायचं नक्की झालंय. आम्ही चौघं : मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आईची सत्तरी उलटलीय, गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर हळूहळू अर्धा तास चालते. मुलाला प्राणीपक्ष्यांचं भारी वेड. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेलं की मनोऱ्यावरून खाली उतरायचं नाव काढत नाही.

मुन्नारला दोन रात्री आहेत, म्हणजे मधला एकच दिवस पूर्ण हातात. एका एजंटाने त्या दिवसासाठी खाजगी गाडीची टूर पाठवलीय. यादी अशी : चहाचं संग्रहालय, मट्टुपेट्टी धरण, एको पॉइंट, कुंडला तलाव, टॉप स्टेशन, इरविकुलम राष्ट्रीय उद्यान, लक्कम धबधबा, मरयूरचं चंदनवन, चिन्नार अभयारण्य आणि परतताना आट्टुकाड धबधबा. खाली लिहिलंय, "हत्ती नक्की दाखवू."

नवरा म्हणतो, पैसे भरतोच आहोत तर सगळं बघून घेऊ. मला मात्र यादी वाचूनच दमल्यासारखं झालं. मुलाला कसारा घाटातसुद्धा उलटी होते. खरंच एवढं होतं का एका दिवसात? नाही तर काय ठेवावं आणि काय सोडावं? तिकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

इंदिरानगर_नाशिक

ताई, नाही होत. आधी एक सोपी गोष्ट सांगते. कोचीहून मुन्नारला येताना नेरियामंगलमचा पूल ओलांडला की अडिमालीच्या अलीकडे चीयप्पारा आणि वालरा हे दोन धबधबे अगदी हायवेवरच लागतात. चीयप्पारा टप्प्याटप्प्याने खाली येतो, गाडीतून उतरलं की समोरच. आईंना एक पायरीसुद्धा चढावी लागणार नाही. ते जाण्याच्या दिवशीच बघून घ्या, म्हणजे मधल्या दिवसावरचा धबधब्यांचा भार आपोआप हलका होईल. कोची ते मुन्नार साधारण १३० किलोमीटर असलं तरी थांबत थांबत चार-साडेचार तास धरा.

आणि चहाचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. तुमचा मधला दिवस सोमवार येत नाही ना, तेवढं बघा.

बागायतदार_दिंडोरी

ताई, नकाशा उघडा आणि मुन्नार गावावर बोट ठेवा. तिथून रस्ते वेगवेगळ्या दिशांना फुटतात. मट्टुपेट्टी, एको पॉइंट, कुंडला आणि टॉप स्टेशन एका रस्त्यावर. इरविकुलम, लक्कम, मरयूर आणि चिन्नार दुसऱ्या रस्त्यावर, जो पुढे तमिळनाडूत उदुमलपेटला उतरतो. आट्टुकाड तिसरीकडे, कोचीच्या बाजूला पळ्ळीवासलजवळ. तुमच्या एजंटाने तिन्ही दिशा एका कागदावर एकाखाली एक लिहिल्यात, म्हणून त्या जवळजवळ वाटतात.

हिशेब करा. चिन्नारच्या चौकीपर्यंत साठेक किलोमीटर, तेवढेच परत. टॉप स्टेशन तीस-पस्तीस, तेवढेच परत. झाले १९० च्या आसपास. त्या रस्त्यांवर तासाला २५-३० किलोमीटरच्या वर गाडी जात नाही, आणि वळणावर उलटी होणारं पोरगं गाडीत असेल तर जाऊही नये. म्हणजे नुसतं बसण्यात सहा-सात तास गेले. उरलेल्या वेळात दहा ठिकाणं म्हणजे उतरायचं, फोटो काढायचा आणि परत बसायचं.

माझं ठाम मत आहे : मरयूरचा एकच रस्ता धरा आणि दिवसभर त्याच रस्त्यावर राहा. दुसरीकडे वळूच नका. का, ते सांगतो.

घोटीहून सिन्नरकडे गाडी काढली की तासाभरात काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. घोटी-इगतपुरीकडे भात, चिखल, धुकं. सिन्नरला पोचेपर्यंत बाभळी, कोरडं माळरान आणि पाण्याची वाट बघणारी शेतं. मुन्नार ते चिन्नार रस्ता अगदी तसाच आहे, फक्त डोंगर कितीतरी उंच. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. मुन्नार गावच जवळपास १६०० वर वसलंय, आणि त्याच्या डोक्यावर अनामुडी २६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर. नैऋत्येचा पाऊस या डोंगराला अडतो आणि अलीकडेच रिता होतो. पलीकडच्या चिन्नारला वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर मिळतो. सकाळी स्वेटर घालून चहाच्या मळ्यात उभे असता आणि दुपारी काटेरी झुडपांत, निवडुंगाशेजारी घाम पुसत असता. एकाच दिवसात, एकाच रस्त्यावर. मला तरी त्या भागातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं, आणि ते कुठल्याच पॉइंटच्या यादीत नसतं.

सकाळी लवकर निघून आधी इरविकुलम. १९७५ मध्ये अभयारण्य झालं, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान, ९७ चौरस किलोमीटर. आपण बघतो तो भाग राजमला. खाजगी गाडी खालीच थांबते, वर वनखात्याच्या बसने जायचं. तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. दिवाळीत खिडकीवर रांग लावलीत तर अर्धा दिवस तिथेच जाईल. बस उतरवते तिथून पुढे चांगला रस्ता आहे, चढ बेताचा. आईंना झेपेल तेवढंच चालू द्या, मग कडेला बसवा. शेवटापर्यंत गेलंच पाहिजे असं काही नाही, कारण निलगिरी ताहर बरेचदा रस्त्याच्या अगदी कडेला चरत असतो. तिकडे त्याला वरयाडु म्हणतात. दांडगा जंगली बोकड, मागे वळलेली शिंगं. वयात आलेला नर गडद रंगाचा होतो आणि पाठीवर खोगीर घातल्यासारखा पांढुरका पट्टा येतो. मुलाला सांगा, तो पट्टा शोध. ही जात जगात फक्त पश्चिम घाटाच्या या दक्षिण टोकाकडे उरलीय आणि तिचा सगळ्यात मोठा कळप इथेच आहे. एकेकाळी शिकारीने पार संपत आली होती. आज ती माणसाला बिचकत नाही, म्हणून तिला हात लावायला किंवा बिस्कीट द्यायला कुणी पुढे झालं तर मुलालासुद्धा सांगू द्या की असं करू नका.

नीलकुरिंजीबद्दल एजंट काही बोलला तर ऐकू नका. ती बारा वर्षांनी फुलते. २०१८ मध्ये फुलली होती, आता २०३०.

(फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरच्या विणीसाठी उद्यान बंद ठेवतात. तुम्ही दिवाळीत जाताय, तुम्हाला अडचण नाही. पुढे कुणी हे वाचून परीक्षा संपल्या संपल्या जायचा बेत केला तर त्यांनी लक्षात ठेवावं.)

उद्यानातून बाहेर पडलात की चहा सुरू होतो आणि पुढे कितीतरी वेळ संपत नाही. इथे गाडी कुठेतरी रुंद जागी थांबवायला सांगा आणि थोडा वेळ काढा. मी बागेतला माणूस असल्याने असेल, पण मला तिथून हलवेना. चहा हे खरं तर झाड आहे, मोकळं सोडलं तर घराएवढं उंच वाढतं. छाटून छाटून त्याला कमरेइतकं ठेवलंय, म्हणजे खुडणाऱ्या बाईला वाकावं लागू नये आणि वरचा पृष्ठभाग टेबलासारखा सपाट राहावा. दर काही वर्षांनी पार खालपर्यंत छाटणी, मग नवी फूट. दोन पानं आणि एक कळी एवढंच खुडायचं आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच झुडपाशी यायचं. मधे मधे उभी सरळसोट झाडं दिसतील ती सिल्व्हर ओक, सावलीसाठी लावलेली. उतारावर पाण्याचे चर कसे काढलेत तेही बघा. इथे चहा १८८० च्या सुमारास लागला. कितीतरी झुडपं शंभरी ओलांडलेली आहेत आणि अजून पान देतात. आपली द्राक्षाची वेल पंधरा-वीस वर्षांत थकते.

आणि खुडणाऱ्या बायकांकडे नीट बघा. पाठीवर ओझं, पायाखाली निसरडा उतार, वरून पाऊस. मजुरी आणि बोनस या विषयावर २०१५ च्या सप्टेंबरमध्ये याच बायकांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बाजूला ठेवून मुन्नारचा रस्ता अडवला होता, २० टक्के बोनस मागितला होता, आणि मिळेपर्यंत उठल्या नाहीत. त्यांच्या आंदोलनाला पोंबिळै ओरुमै, म्हणजे बायकांची एकजूट, असं नाव पडलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये राजमलाजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळली ती मजुरांच्या चाळींवरच. साठाहून जास्त माणसं गेली, आणि जवळजवळ सगळी मळ्यातल्या कामगारांच्या घरातली. आपल्याकडे माळीण झालं तेव्हा जो जीव हलला, तो तिथेही हलतो. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि त्या कामात असताना वाट अडवून उभे राहू नका.

लक्कम धबधबा रस्त्यालगतच आहे, मळ्यांच्या मधे. दिवाळीत पाणी भरपूर असेल. थोडं खाली उतरायला पायऱ्या आहेत, दगड शेवाळलेले असतात. मुलाला पाण्याजवळ बापाने हात धरून न्यावं, आईंनी वरच थांबावं. वरूनही छान दिसतं. अर्धा तास पुरे.

त्यानंतर उतार लागतो आणि हवा बदलायला लागते. कान थोडे बंद होतात. मरयूरला चंदनाचं जंगल आहे, लावलेलं नाही, आपोआप वाढलेलं. झाडांना कुंपण आणि पहारा. खेड्यात उसाची गुऱ्हाळं आहेत, त्यांचा गूळ ढेपेऐवजी हाताने वळलेल्या गोळ्यांचा असतो. २०१९ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळ चालू असेल तर नक्की थांबा, गरम काकवीचा वास आईंना आवडेल. जेवणही मरयूरलाच उरका, पुढे काही धड मिळत नाही.

मग चिन्नार. १९८४ चं अभयारण्य, सुमारे ९० चौरस किलोमीटर. इथे एजंटाला सरळ विचारा की "चिन्नार" म्हणजे नक्की काय देणार? कारण रस्ता अभयारण्यातूनच जातो, तेव्हा नुसतं गाडीतून पलीकडे जाऊन परत आणलं तरी तो "दाखवलं" म्हणू शकतो. खरं चिन्नार पायी बघायचं असतं, वनखात्याच्या वाटाड्याबरोबर. वाटाडे तिथल्याच मुथुवन आणि पुलयार या आदिवासींच्या वस्त्यांमधले, त्यांची नजर आपल्यापेक्षा फार पुढची. इथली करडी मोठी खार भारतात मोजक्याच ठिकाणी उरलीय, भीमाशंकरच्या शेकरूची नातेवाईक. नदीकाठच्या उंच झाडांवर बघा. शिवाय तारांकित कासव आणि पिवळ्या गळ्याचा बुलबुल. पाम्बार नदीवर तूवानम धबधबा आहे, पण तिथे पोचायला चांगली चाल आहे. तुमच्या आईंना ती नको. तुम्ही एकजण त्यांच्याजवळ चौकीपाशी थांबा, दुसऱ्याने मुलाला घेऊन छोटी फेरी करावी.

हत्तीचं. "नक्की दाखवू" म्हणणाऱ्या माणसाला जनावर कळत नाही किंवा तो खरं बोलत नाही. दिसला तर दिसला. त्या भागात हत्ती माणसाच्या वस्तीत येतात, जीव जातात, दोघांचेही. मुन्नारजवळच्या चिन्नकनालचा अरिकोंबन नावाचा हत्ती २०२३ च्या एप्रिलमध्ये बेशुद्ध करून पेरियारच्या व्याघ्र प्रकल्पात हलवावा लागला होता. तेव्हा हत्ती दिसला की गाडी मागेच थांबवायची, खाली उतरायचं नाही, हॉर्न नाही, फ्लॅश नाही.

टुरिस्टवाला_द्वारका

मी नाशकात टुरिस्ट गाडी चालवतो, त्र्यंबक, शिर्डी, वणी ही रोजची कामं. केरळला पार्टी घेऊनही गेलोय. दिंडोरीच्या दादांनी रस्ता बरोबर सांगितला, मी गाडीच्या बाजूने सांगतो.

ताई, एजंटाला फोनवर विचारू नका, मेसेजवर लिहून मागा : गाडी किती तास, किती किलोमीटर, वर झाले तर दर काय, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता कोणाकडे. इरविकुलमचं तिकीट आणि चिन्नारचा वाटाडा यात धरलाय की वेगळा, हेही लिहून घ्या. भांडण नेहमी इथेच होतं, गाडीभाड्यावर कधीच होत नाही. नंबरप्लेट पिवळी पाहिजे, टुरिस्ट परवाना असलेली.

ड्रायव्हर मुन्नारचाच मिळाला तर उत्तम. तिकडे बरेच लोक तमिळ बोलतात, हिंदी कामापुरती. आदल्या रात्री त्याला ठिकाणं क्रमाने सांगून ठेवा, आणि सोबत "मसाल्याच्या दुकानात, चॉकलेटच्या दुकानात थांबायचं नाही, थांबायचं झालं तर आम्ही सांगू" हेही प्रेमाने सांगा. त्याच्या जेवणाची वेळ पाळा. उपाशी ड्रायव्हर घाटात नको.

मुलाचं : उलटीची गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधी द्या, गाडी लागायला सुरुवात झाल्यावर उपयोग नाही. नाश्ता इडलीसारखा हलका, दूध नको. मोबाइल हातात अजिबात नको, नजर समोर रस्त्यावर. मधल्या सीटवर, दोन्ही सीटांच्या मधून पुढचं दिसेल असा बसवा. पुढची काच थोडी उघडी. एसीचा वास कित्येक मुलांना सोसत नाही.

आणि परतीला उशीर करू नका. नोव्हेंबरात तिकडे सहा-साडेसहाला अंधार पडतो. चिन्नारहून तीन-साडेतीनला गाडी वळलीच पाहिजे. जंगलातला रस्ता, वर धुकं, रात्री तिथे गाडी चालवण्यात काही शहाणपणा नाही. ड्रायव्हर "काही होत नाही" म्हणाला तरी तुम्ही ऐकू नका.

सह्याद्री_भटकंती

मरयूरचा रस्ता सुंदरच आहे, वाद नाही. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला टॉप स्टेशन सोडायला सांगणं मला पटत नाही. तिथल्या कड्यावरून खाली तमिळनाडूची सपाटी दिसते, ढग पायाखाली असतात. त्या खोऱ्यात एकेकाळी चहा वाहून नेणारी छोटी रेल्वे होती, १९२४ च्या महापुरात ती वाहून गेली आणि पुन्हा कधी बांधली नाही. तो सगळा इतिहास कुंडलाच्या रस्त्यावर आहे. शिवाय मट्टुपेट्टीच्या तळ्याकाठच्या गवतावर हत्ती उतरतात, म्हणजे मुलाला हत्ती बघायला मिळण्याची शक्यता तिकडेच जास्त.

बागायतदार_दिंडोरी

तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि दोन दिवस असते तर मीच दुसरा दिवस तिकडे द्या म्हणालो असतो. पण दिवस एक आहे आणि सुट्टी दिवाळीची. त्या दिवसांत मट्टुपेट्टी-टॉप स्टेशन रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, बोटिंग, घोडे, कणसांच्या गाड्या. टॉप स्टेशनला धुकं असलं तर समोर पांढरा पडदा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पावसाचे ढग दुपारनंतर हमखास चढतात. पायऱ्याही आहेत, ताईंच्या आईंना त्रास. मरयूरच्या रस्त्यावर पाऊस आला तरी दिवस वाया जात नाही. वर धुकं असलं तर खाली उघडीप असू शकते.

त्या पोराने नांदूर मध्यमेश्वरला तासन् तास पक्षी बघितलेत. त्याला गर्दीतून हत्तीची पाठ दाखवण्यापेक्षा वाटाड्याबरोबर तासभर चालू द्या. वाटाडा जमिनीवर पाऊल दाखवेल, झाडाची साल कोणी खरवडली ते सांगेल. जनावर नाही दिसलं तरी जंगल कसं वाचायचं ते कळेल. या वयात ते मनात कायमचं बसतं.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला नकाशा दाखवला, तीन दिशांचं पटलं त्याला. एजंटाला कळवलं की फक्त मरयूरचा रस्ता, इरविकुलमचं तिकीट आम्ही काढू, चिन्नारला वाटाड्याबरोबरची फेरी हवी. त्याने हो म्हटलंय, लेखी द्यायला सांगितलंय.

दोनच शंका उरल्यात. दादा, जळवांचं काय? आणि चहा घरी आणायचा तर कुठला घ्यावा? आईला आपला दूध घालून उकळलेलाच लागतो.

बागायतदार_दिंडोरी

जळवा ओल्या गवतात आणि शोलाच्या, म्हणजे डोंगरघळीतल्या दाट सदाहरित जंगलाच्या, सावलीत असतात, चिन्नारच्या कोरड्या भागात फारशा नाहीत. लक्कमला गवतात शिरू नका म्हणजे झालं. पायात लांब मोजे, पँट मोज्यात खोचलेली, खिशात मिठाची पुडी. चिकटली तर ओढू नका, मीठ लावा, आपोआप सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही.

चहा दोन प्रकारचा मिळेल. बारीक गोळीदार तो सीटीसी. पान यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेला, त्याला रंग आणि कडकपणा चांगला येतो. दूध घालून उकळायला हाच, आईंसाठी हाच घ्या. दुसरा लांब पानाचा ऑर्थोडॉक्स, नुसता मळून वळलेला. त्याला उकळायचं नाही आणि दूधही नाही. गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून गाळायचा. थोडासा तोही घ्या, मळ्याच्या उंचीचा सुगंध त्यातच कळतो. पाकिटावर तारीख बघून घ्या, रंगीबेरंगी डब्यातला सुटा चहा नको. आणि इलायचीची पाकिटं रस्त्यावर खूप विकायला असतील, घ्यायचीच तर एक फोडून वास घेऊन मगच.

मंगला एक्सप्रेसने जाणार असाल तर ती आपल्या नाशिकरोडला थांबते आणि गाडी न बदलता थेट एर्नाकुलमला नेते. दिवाळीचं आरक्षण मात्र लगेच करा, आजच बघा.